नोंदीखालचे नाव : एकहाती लेखन आणि वाचकांची भर

साताऱ्याच्या गडकोटांची आणि गावांची माहिती देणारे संकेतस्थळ उभे करताना मजकूर एकाच्याच हातचा ठेवावा की वाचकांनाही त्यात भर घालू द्यावी, हा प्रश्न आता पुन्हा पुन्हा पुढे येतो. हा पेच आंतरजालाने निर्माण केलेला नाही. वाईच्या कोशकारांनी तो दोन्ही बाजूंनी अनुभवलेला आहे.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या केवलानंद सरस्वतींनी मीमांसा या दर्शनाच्या कोशाची, म्हणजे मीमांसाकोशाची, रचना जवळजवळ एकहाती केली. ७ खंडांच्या या कोशाचा पहिला खंड १९५२ मध्ये निघाला आणि १९५५ मध्ये केवलानंद गेले. शेवटचे खंड त्यांच्या पश्चात बाहेर पडले. एकाच बुद्धीची शिस्त पानोपानी टिकते हे अशा कामाचे बळ खरे, पण त्याला आयुष्याची मर्यादा असते.

त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे मराठी विश्वकोशाची धुरा आली, तेव्हा विषयांचा पसाराच असा होता की एका माणसाला तो पेलणे शक्य नव्हते. वाईच्या कार्यालयातून तज्ज्ञांकडे नोंदी सोपवल्या जात, आलेला मजकूर तपासून, भाषा एकसारखी करूनच तो छापला जाई. पहिला खंड १९७६ मध्ये आला. कोणतीही नोंद उघडून तळाशी पाहावे : आधी आडनाव, मग नाव; आणि मूळ लेख इंग्रजीतून आला असल्यास लेखकापुढे कंसात ‘इं.’ व मराठीत आणणाऱ्यापुढे ‘म.’. अनेकांचे हात लागूनही कोणत्या मजकुराला कोण जबाबदार, हे वाचकाला तिथेच कळते. माझ्या मते विश्वकोशाची सर्वांत मोलाची शिकवण हीच आहे, आणि आज तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

आंतरजालावर याच मार्गाने जाणारा न्यूपीडिया हा इंग्रजी ज्ञानकोश २००० मध्ये सुरू झाला. तज्ज्ञांकडून टप्प्याटप्प्याने तपासणी होत असल्याने तिथे लेख फार सावकाश तयार होत. त्याला जोड म्हणून २००१ मध्ये निघालेल्या विकिपीडियाने तपासणी आधी करण्याऐवजी नंतर, आणि तीही कोणीही करावी, अशी मुभा दिली व न्यूपीडियाला मागे टाकले. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तिथे प्रत्येक बदल ‘इतिहास’ या पानावर वेळेसह नोंदला जातो, मात्र बदल करणाऱ्याचे नाव पुष्कळदा टोपणनावच असते.

भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यालाही एकट्याच्या आणि अनेकांच्या लेखनातला हा फरक ठाऊक आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, तर ज्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही अशा सहलेखकांच्या बाबतीत ही गणना सर्वांत शेवटी मरण पावणाऱ्यापासून होते. म्हणून साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या लेखात एखाद्या वाचकाने छत्रपती शाहूंच्या १७०८ च्या राज्याभिषेकाविषयी परिच्छेद जोडला, तर तो मूळ लेखात विरघळवून टाकण्यापेक्षा त्याच्या नावासह वेगळा ठेवणे मला अधिक रास्त वाटते. चूक निघाल्यास ती कोणाकडे न्यायची, हे त्यामुळे कळते.