अनंतापासून आणायचं, तरी कार्य मोजकंच

‘एकक धनप्रभार अनंत अंतरावरून एखाद्या बिंदूपर्यंत आणण्यासाठी करावं लागणारं कार्य म्हणजे त्या बिंदूचं विद्युत विभव.’ ही व्याख्या वाचून मनात शंका येतेच: अंतर अनंत, तर कार्यही अनंत व्हायला नको का? शंका अगदी रास्त आहे, आणि सूत्र पाठ करून ती फिटत नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोमने १७८५ मध्ये पीळतराजू (तारेच्या पिळावरून बारीक बल मोजणारं उपकरण) वापरून दाखवलं की प्रभारांमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. अंतर दुप्पट झालं की बल चौथाई. एवढ्यावर आपलं काम भागतं.

समजा, एका बिंदूवर एका कूलोमचा (त्याच्याच नावाचं प्रभाराचं एकक) एक अब्जांश इतका धनप्रभार आहे. त्याच्यापासून २ मीटरवरचा एकक, म्हणजे १ कूलोम, धनप्रभार १ मीटरवर ढकलत आणायला ४.५ ज्यूल कार्य लागतं. मग ४ वरून २ मीटरवर आणायला किती? वाट दुप्पट लांब, पण वाटेत प्रत्येक ठिकाणी बल चौथाई. म्हणजे कार्य निम्मं, २.२५ ज्यूल. ८ वरून ४ वर आणायला त्याच्याही निम्मं. अशा निम्म्या-निम्म्या तुकड्यांची बेरीज कितीही लांबवली तरी ९ च्या पुढे जात नाही. म्हणून १ मीटरवरचं विभव ९ व्होल्ट (एका कूलोममागे एक ज्यूल म्हणजे एक व्होल्ट). अनंतापासूनच्या सगळ्या प्रवासातलं निम्मं कार्य शेवटच्या एका मीटरमध्ये होतं, हे मला आजही विलक्षण सुंदर वाटतं. याच हिशेबाने २ मीटरवरचं विभव उरलेल्या तुकड्यांइतकं, म्हणजे ४.५ व्होल्ट. अंतर दुप्पट, विभव निम्मं. बल वर्गाने घटतं आणि विभव साध्या अंतराने, ते यामुळे.

प्रभार ऋण असेल तर विभवही ऋण. त्यात अशुभ काही नाही. अनंतावर शून्य धरलं आणि त्याच्या खालचं मोजलं, इतकंच. घरातली ‘ऋण ऊर्जा’ घालवून देणाऱ्या वस्तू विकणारे हा शब्द उचलतात, पण ती ऊर्जा कोणत्या शून्यापासून आणि कशाने मोजली, हे सांगत नाहीत. भौतिकशास्त्रातल्या ऋण चिन्हाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

आता बिंदूऐवजी अनंत लांबीची सरळ प्रभारित तार घ्या. तिच्याभोवती बल नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतं. वाट दुप्पट, बल निम्मं, म्हणून प्रत्येक टप्प्याला कार्य तेवढंच, आणि टप्पे मात्र संपत नाहीत. इथे बेरीज खरोखरच अनंत होते. अशा तारेसाठी अनंतावर शून्य धरताच येत नाही. ते तारेपासून ठरावीक अंतरावरच्या एखाद्या बिंदूवर धरावं लागतं.