वेबव्ह्यू की कस्टम टॅब? ॲपमधलं वेबपान बिघडलं की आधी हे ओळखा

‘तेच पान क्रोममध्ये नीट उघडतं, तुमच्या ॲपमध्ये मात्र पांढरं फटक दिसतं.’ ज्या ज्या ॲपमध्ये एखादं वेबपान दाखवलं जातं, त्या प्रत्येक ॲपच्या सपोर्टकडे ही तक्रार कधी ना कधी येतेच. त्यावर उत्तरही ठरलेलं असतं: कॅशे (पानांचा तात्पुरता साठा) साफ करा, ॲप काढून पुन्हा टाका. पण कोणाची कॅशे? ॲपची की ब्राउझरची? हे न विचारता दिलेला सल्ला लागू पडला तर तो योगायोग समजायचा.

ॲपच्या आत वेबपान दाखवायच्या दोन वाटा आहेत. एक वेबव्ह्यू. दुसरी म्हणजे अँड्रॉइडवर कस्टम टॅब आणि आयफोनवर त्याचाच भाऊबंद, सफारी व्ह्यू कंट्रोलर. वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात: ॲपमधल्या बटणावर टिचकी मारली, पान वर आलं, मागे गेलो की ॲप तिथेच. आतून मात्र दोघांत मोठा फरक आहे. वेबव्ह्यूतलं पान ॲपच्या मालकीचं असतं. कस्टम टॅबमधलं पान ब्राउझरच्या मालकीचं, ॲपने ते फक्त उघडायला सांगितलेलं. बिघाड कुठे शोधायचा, हे या मालकीवर ठरतं.

वेबव्ह्यू म्हणजे ब्राउझरचं नुसतं इंजिन. स्टिअरिंग, ब्रेक, दिवे सगळं ॲप बनवणाऱ्याने स्वतः जोडायचं. अँड्रॉइडवर 2013 मध्ये आलेल्या 4.4 आवृत्तीपासून हे इंजिन क्रोमियमचं (क्रोम ज्यावर उभा आहे त्याचं) आहे आणि 2014 च्या 5.0 पासून ते प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे अपडेट होतं. आयफोनवर 2014 मध्ये आयओएस 8 बरोबर डब्ल्यूके वेबव्ह्यू आला. कस्टम टॅब 2015 मध्ये क्रोम 45 बरोबर आला, सफारी व्ह्यू कंट्रोलर त्याच वर्षी आयओएस 9 मध्ये. आता फायरफॉक्स, एज, सॅमसंग इंटरनेट हे ब्राउझरही कस्टम टॅब देतात. म्हणजे ‘क्रोममध्ये उघडलंय’ असं गृहीत धरू नका. ज्याच्या फोनवर जो ब्राउझर डीफॉल्ट असेल, त्याचा टॅब उघडतो.

समोर काय आहे हे ओळखायचं कसं? कस्टम टॅबच्या वरच्या पट्टीत बंद करायची फुली, साइटचा पत्ता आणि तीन ठिपक्यांचा मेनू असतो. मेनूत हेच पान पूर्ण ब्राउझरमध्ये उघडायचा पर्याय मिळतो. आयफोनवर सफारीचं होकायंत्राचं चिन्ह दिसतं. पत्ता दिसतो, पण बदलता येत नाही. वेबव्ह्यूला यातलं स्वतःचं काहीच नसतं. ॲपने पट्टी काढली असेल तर ती दिसते, आणि ती हुबेहूब ब्राउझरसारखीही काढता येते, म्हणून नुसत्या दिसण्यावर विसंबू नये. खात्रीचा पुरावा यूजर एजंटमध्ये मिळतो. यूजर एजंट म्हणजे ब्राउझर सर्व्हरला आपली जी ओळख सांगतो ती ओळ. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूत या ओळीत ‘डब्ल्यूव्ही’ ही दोन अक्षरं असतात, आणि आयफोनच्या वेबव्ह्यूत मूळच्या ओळीत ‘सफारी’ हा शब्दच नसतो. ॲपने ही ओळ बदललेली नसली तर सर्व्हरच्या लॉगवर नजर टाकली की कळतं.

बहुतेक दुखणी वेबव्ह्यूच्या वाट्याला येतात. कारण साधं आहे. ब्राउझर ज्या गोष्टी न सांगता करतो, त्या इथे सांगाव्या लागतात. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूत जावास्क्रिप्ट (पानाला चालतं-बोलतं करणारी भाषा) मुळात बंद असते. ती चालू केली तरी डॉम स्टोरेज, म्हणजे पानाला फोनवर माहिती साठवू देणारी सोय, वेगळं चालू करावं लागतं, आणि हेच हमखास राहून जातं. आजकालची बरीच पानं त्यातल्या लोकल स्टोरेजला हात लावल्याशिवाय पहिली ओळही दाखवत नाहीत. ते मिळालं नाही की स्क्रिप्ट तिथेच अडते आणि उरतो पांढरा पडदा. एरर दिसत नाही, फिरणारं चक्रही नाही. पांढऱ्या पडद्याची तक्रार आली की मी पहिल्यांदा ही सेटिंग बघेन, नेटवर्क नंतर.

नेटवर्ककडे वळल्यावर दोन गोष्टी तपासा. अँड्रॉइड 9 पासून, म्हणजे एपीआय 28 (अँड्रॉइड 9 चा अंतर्गत क्रमांक) आणि पुढचं लक्ष्य ठेवून बनवलेल्या ॲपमध्ये, साध्या, सांकेतिक न केलेल्या एचटीटीपीचा पत्ता मुळात अडवला जातो. ‘क्लिअरटेक्स्ट नॉट परमिटेड’ असा एरर दिसला तर हेच कारण. दुसरी गोष्ट सर्टिफिकेटची, म्हणजे साइटचा खरेपणा सिद्ध करणाऱ्या डिजिटल ओळखपत्राची. सर्टिफिकेटमध्ये खोट निघाली की वेबव्ह्यू पान लोड करणं गुपचूप थांबवतो, आणि पुन्हा पांढरा पडदा. यावर इंटरनेटवर एक ‘उपाय’ सर्रास सापडतो: अशा चुकीवर (एसएसएल एरर) वेबव्ह्यू ॲपला ज्या कॉलबॅकमधून विचारतो, तिथे डोळे मिटून ‘प्रोसीड’ म्हणा. हे कधीही करू नका. त्यानंतर मधल्या कोणालाही तुमच्या वापरकर्त्याचा पासवर्ड वाचता येतो. गूगल प्लेही असा कोड दिसला तर ॲपला हरकत घेतं. सर्व्हरवरची सर्टिफिकेटची साखळी अपुरी असेल तर ती सर्व्हरवरच पूर्ण करायची.

आता फाइल निवडायच्या बटणाचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण वेबव्ह्यूचा सगळा स्वभाव त्यात दिसतो. पानावर ‘फोटो जोडा’ असं बटण आहे. क्रोममध्ये दाबलं की गॅलरी उघडते. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूत दाबलं तर काहीच होत नाही, कारण फाइल निवडायची खिडकी ॲपनेच उघडायची असते आणि तो कोड कोणी लिहिलेला नसतो. समजा लिहिला. आता पहिल्यांदा दाबल्यावर गॅलरी उघडते. वापरणाऱ्याचं मन बदलतं, तो फोटो न निवडता मागे येतो आणि पुन्हा बटण दाबतो. बटण मेलेलं! वेबव्ह्यू अजून पहिल्या उत्तराची वाट बघत बसलेला असतो. ‘काही निवडलं नाही’ हे सांगायलासुद्धा ॲपने रिकामं उत्तर परत द्यायला हवं. चाचणी करणारे प्रत्येक वेळी फोटो निवडतात, म्हणून ही चूक त्यांच्या हातून निसटते आणि खऱ्या वापरकर्त्याला सापडते. आयफोनवर ही खिडकी वेबव्ह्यू स्वतः उघडतो, पण कॅमेरा कशासाठी हवा याचं कारण ॲपच्या ‘इन्फो.पीलिस्ट’ या माहितीच्या फाइलीत लिहिलेलं नसेल आणि कोणी ‘फोटो काढा’ निवडलं, तर अख्खं ॲप क्रॅश होतं.

अशीच गत ‘हो की नाही’ विचारणाऱ्या चौकटीची. आयफोनच्या वेबव्ह्यूत ॲपने ती दाखवायची सोय केली नसेल तर चौकट दिसतच नाही आणि उत्तर ‘नाही’ असं धरलं जातं. वापरणाऱ्याला वाटतं, ‘काढून टाका’ हे बटणच बिघडलंय. नव्या खिडकीत उघडणाऱ्या लिंकचं तसंच: आयफोनवर सोय केली नसेल तर ती दाबून काही होत नाही, अँड्रॉइडवर ती जुन्या पानाच्या जागीच उघडते आणि जुनं पान, जे नव्या खिडकीच्या उत्तराची वाट बघत होतं, तेच हरवतं. फोन नंबर किंवा ईमेलच्या लिंकवर अँड्रॉइडमध्ये ‘अननोन यूआरएल स्कीम’ असा एरर आला, तर असे पत्ते ॲपने स्वतः पकडून फोनच्या यंत्रणेकडे सोपवायचे असतात. लोकेशन आणि कॅमेऱ्याला तर दोन परवानग्या लागतात: फोनने ॲपला दिलेली, आणि ॲपने पानाला दिलेली. लोक पहिलीवरच थांबतात.

आणि चांगलं चाललेलं पान अचानक पांढरं झालं तर? मेमरी कमी पडली की फोन वेबव्ह्यूची रेंडरिंग करणारी, म्हणजे पान पडद्यावर काढणारी, वेगळी प्रोसेस मारतो. आयफोनवर ॲप जिवंत राहतं, पान तेवढं जातं. फोन तसा निरोप ॲपला देतो, तो ऐकून ॲपने पान पुन्हा लोड करायचं. अँड्रॉइडवर 8.0 पासून असाच निरोप मिळतो, आणि तो हाताळला नाही तर ॲपही बंद पडतं. जड पानं, मोठे फोटो आणि कमी रॅमचा फोन एकत्र आले की हे घडतं, म्हणून ऑफिसातल्या महागड्या फोनवर ते कधी दिसत नाही.

कस्टम टॅबमध्ये यातलं जवळजवळ काहीच उद्भवत नाही. जावास्क्रिप्ट, फाइली, चौकटी, परवानग्या सगळं ब्राउझर सांभाळतो. पान तिथेही बिघडलं, तर तेच पान थेट ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथेही बिघडलेलं असेल तर दोष पानाचा. अँड्रॉइडवर ‘कॅशे साफ करा’ हा सल्ला इथे ब्राउझरसाठी द्यायचा. ॲपचा डेटा पुसून कस्टम टॅबमधल्या कुकीला (लॉगिन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदीला) धक्काही लागत नाही. वेबव्ह्यूत बरोबर उलटं: क्रोमचा डेटा कितीही पुसा, वेबव्ह्यूचा साठा ॲपच्या पोटात सुरक्षित असतो.

कस्टम टॅबची दुखणी सापडतात ती सांध्यावर, म्हणजे ॲपमधून बाहेर जाताना आणि परत येताना. जाताना: अँड्रॉइड 11 पासून एका ॲपला दुसरं ॲप फोनवर आहे की नाही हे आपोआप दिसत नाही. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती फोनला सांगणाऱ्या फाइलीत, तशी विचारणा नोंदवलेली नसेल, तर कस्टम टॅब देणारा ब्राउझर असूनही ॲपला तो सापडत नाही. फोनवर तसा ब्राउझर खरंच नसेल तर पूर्ण ब्राउझर उघडतो, आणि एकही ब्राउझर उपलब्ध नसेल व ॲपने त्याची तजवीज केली नसेल तर क्रॅश. येताना: साइट आणि ॲप यांचं नातं सिद्ध करणारी फाइल सर्व्हरवर चुकलेली असेल, तर अँड्रॉइड 12 पासून लॉगिननंतर ॲपमध्ये परत आणणारा पत्ता ॲपऐवजी ब्राउझरमध्येच उघडतो. वापरणाऱ्याचं लॉगिन झालेलं असतं, पण तो टॅबमध्येच अडकून राहतो. आणखी एक, शोधायला फार अवघड असलेलं: टॅब वर असताना ॲप मागे असतं, आणि मेमरी कमी असलेला फोन ते मारून टाकतो. परत आल्यावर ॲप नव्याने सुरू होतं आणि लॉगिनच्या सुरुवातीला बनवलेला गुप्त कोड मेमरीबरोबरच गेलेला असतो. तो कोड मेमरीत न ठेवता सुरक्षितपणे साठवून ठेवला की हा प्रश्न सुटतो.

लॉगिनच्या पानासाठी यातलं कोणतं निवडायचं, यावर मला जराही शंका नाही: कस्टम टॅब. वेबव्ह्यूत ॲप त्या पानात स्वतःची स्क्रिप्ट घालू शकतं, टाइप केलेलं अक्षर न् अक्षर वाचू शकतं. तुमचं ॲप तसं करत नसेल, पण वापरणाऱ्याने हे कशावरून ओळखायचं? म्हणूनच गूगलने 2016 मध्ये जाहीर करून 2017 मध्ये वेबव्ह्यूतलं आपलं लॉगिन बंद केलं. तिथे आता ‘डिसअलाउड यूजरएजंट’ असा 403 एरर येतो. ऑक्टोबर 2017 च्या आरएफसी 8252 या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजातही ॲपच्या लॉगिनसाठी बाहेरचा ब्राउझरच वापरावा असं सांगितलंय. तरी काही जण यूजर एजंटची ओळ खोटी लिहून हा अडथळा टाळतात. हा डाव आज चालला तरी उद्या बंद पडतो, आणि बंद पडायलाच हवा.

आयफोनवर इथे एक गुंता आहे. आयओएस 11 पासून सफारी व्ह्यू कंट्रोलरच्या कुकीज सफारीपासून वेगळ्या झाल्या. त्यामुळे ‘सफारीत लॉगिन आहे, इथे पुन्हा का विचारतंय?’ ही तक्रार आली तर तो बिघाड समजू नका. लॉगिनसाठी आयओएस 12 पासून वेगळं वेब ऑथेंटिकेशन सेशन आहे. त्यात सफारीच्या कुकीज मिळतात, पण आधी फोन परवानगी विचारतो. ती चौकट अचानक आली की लोक बिचकून ‘रद्द’ दाबतात. ॲपने आधीच्या स्क्रीनवर एका वाक्यात तिची कल्पना दिली तर हा प्रश्न बराच कमी होतो.

मग वेबव्ह्यू कुठे? तुमच्याच साइटची, तुमच्याच ताब्यातली पानं: मदत, अटी, लेख, ॲपशी सतत बोलणारा एखादा फॉर्म. तिथेही आयफोनवर ॲपच्या नेटवर्क कोडच्या कुकीज आणि वेबव्ह्यूच्या कुकीज वेगळ्या राहतात. ॲपमध्ये लॉगिन असूनही पान ‘लॉगिन करा’ म्हणत असेल तर ॲपच्या कुकीज वेबव्ह्यूपर्यंत मुद्दाम पोचवाव्या लागतात. पेमेंटचं पान मधल्या पट्ट्यात येतं. तिथे बऱ्याचदा तिसऱ्याच साइटची चौकट असते, आणि अँड्रॉइडचा वेबव्ह्यू 5.0 पासून तिसऱ्या साइटच्या कुकीज मुळात अडवतो. पेमेंट शेवटच्या टप्प्यावर येऊन पहिल्या पानावर परत जात असेल तर आधी इकडे बघा.

कधी दोष ना ॲपचा असतो, ना पानाचा. मार्च 2021 मध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूच्या बिघाडामुळे जगभर ॲप्स धडाधड बंद पडू लागली, जीमेलसुद्धा. वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट केल्यावर ती पूर्ववत झाली. म्हणून तक्रारीसोबत वेबव्ह्यूची आवृत्ती मागून घ्यावी. डेव्हलपर पर्यायांत ‘वेबव्ह्यू इम्प्लिमेंटेशन’ खाली ती दिसते. अँड्रॉइड 7 ते 9 मध्ये हे काम क्रोमच करायचं, 10 पासून ते पुन्हा वेगळं झालं. जुन्या इंजिनाला नव्या जावास्क्रिप्टची एखादी रचना कळली नाही, तरी शेवट पांढऱ्या पडद्यातच होतो.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा आत डोकावता येतं. अँड्रॉइडवर ॲपमध्ये वेबव्ह्यूचं डीबगिंग चालू करा, फोन केबलने जोडा आणि संगणकावरच्या क्रोमचं इन्स्पेक्ट पान उघडा; वेबव्ह्यू यादीत दिसतो आणि कन्सोलमध्ये कारण लाल अक्षरात लिहिलेलं सापडतं. क्रोमचा कस्टम टॅब तर, फोनवर यूएसबी डीबगिंग चालू असलं की, ॲपमध्ये काही न बदलताच तिथे दिसतो. आयफोनवर आयओएस 16.4 पासून ‘इन्स्पेक्टेबल’ ही खूण ॲपने मुद्दाम चालू करावी लागते, मग मॅकवरच्या सफारीच्या डेव्हलप मेनूत पान येतं. ही खूण फक्त चाचणीच्या बिल्डमध्ये ठेवा.