रंग निघतो, मीठ राहतं

धरणात पाणी आहे आणि शेतकऱ्याला ते नको आहे, असं सहसा ऐकायला मिळत नाही. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या खालच्या अंगाला, नोय्यल नदीवर १९९२ साली ओरत्तुपाळयम धरण सिंचनासाठी बांधलं. काही वर्षांतच त्यात वरच्या डाईंग, म्हणजे कापड रंगवणाऱ्या, कारखान्यांचं सांडपाणी एवढं साठलं की ते रानाला द्यायच्या लायकीचं राहिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं, लांबलं, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून जास्त डाईंग युनिटं बंद करायला लावली. सांडपाण्याचा थेंबही नदीत जाणार नाही अशी सोय होईपर्यंत ती बंदच राहायची होती.

रंगीत नदीचे फोटो पाहून आपण दोष रंगाला देतो. पिकाचा खरा वैरी मात्र दिसत नाही. तो आहे मीठ.

सुती कापड पाण्यात बुडलं की त्याच्या तंतूंवर किंचित ऋण भार येतो. सुतासाठी वापरतात ते रिॲक्टिव्ह रंगही पाण्यात ऋणभारित असतात. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. मग लिटरमागे ४० ते १०० ग्रॅम मीठ घालतात, साधं किंवा ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट. त्यातलं सोडियम हे भांडण दाबून टाकतं आणि रंग तंतूवर चढतो. पुढे धुण्याचा सोडा टाकून तो पक्का करतात. किलोभर कापडाला आठ लिटर पाणी आणि लिटरला ६० ग्रॅम मीठ धरलं, तर अर्धा किलोच्या आसपास मीठ लागतं. यातलं कापडावर काहीच राहत नाही. मध्यस्थी करून सगळं मीठ गटारात.

सांडपाण्यातला सेंद्रिय मळ जिवाणू खातात, रंगाचा बराचसा भाग रसायनं टाकून गाळात बसवता येतो. विरघळलेलं मीठ जिवाणूंना खाता येत नाही आणि ते गाळातही बसत नाही. नेहमीच्या, अनेक कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून (सीईटीपी) पाणी नितळ होऊन निघतं आणि खारटच राहतं. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम. रंगाच्या टाकीतलं पाणी त्याच्या कितीतरी पट खारं.

म्हणून पुढे आरओ. घरच्याच यंत्राचा थोरला भाऊ, फक्त दाब प्रचंड. पडद्यातून गोडं पाणी पलीकडे जातं आणि ते पुन्हा डाईंगला वापरतात. अलीकडे उरतं ते आणखी खारं पाणी. ते आटवायचं, आणि सगळा खर्च इथेच आहे. हजार लिटर पाण्याची नुसती वाफ करायला सुमारे ६३० युनिट विजेएवढी उष्णता लागते. पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला, अशी साखळी लावून ती बरीच वाचवतात. तरी बॉयलर आणि वीज यांचं बिल थांबत नाही.

या साखळीत एक देखणी युक्ती आहे. ग्लॉबर सॉल्टची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने बदलते: ३२ अंशांच्या आसपास १०० ग्रॅम पाण्यात जवळजवळ ५० ग्रॅम सोडियम सल्फेट विरघळतं, शून्याजवळ जेमतेम पाच. साध्या मिठाला मात्र थंडी-उन्हाळा जवळपास सारखाच. त्यामुळे आटवलेलं द्रावण थंड केलं की ग्लॉबर सॉल्टचे स्फटिक आपोआप वेगळे होतात आणि पुन्हा डाईंगला जातात. तिरुप्पूरच्या काही केंद्रांनी तर सगळं आटवत न बसता खारं पाणीच साफ करून परत रंगाच्या टाकीत वापरायला सुरुवात केली.

एवढी यंत्रणा एकट्यादुकट्या डाईंगवाल्याच्या खिशाबाहेरची. २०११ मध्ये तमिळनाडू सरकारने तिरुप्पूरला २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये ५०० कोटींची एकात्मिक प्रक्रिया विकास योजना आणली. तिच्यात प्रकल्पाचा निम्मा पैसा केंद्राचा, पाव राज्याचा, १५ टक्के कारखानदारांच्या कंपनीचा आणि उरलेले १० टक्के बँकेचं कर्ज. थेंबही बाहेर न सोडणाऱ्या प्रकल्पाला केंद्राचे जास्तीत जास्त ७५ कोटी, नेहमीच्या प्रक्रियेला १० कोटी. राजस्थानातल्या बालोतरा, जसोल, पाली, सांगानेरच्या प्रकल्पांना त्यातून मंजुरी मिळाली.

अनुदान यंत्रणा उभारायला आहे. ती रोज चालवण्याचं बिल कारखानदारानेच भरायचं. माझ्या मते योजनेची खरी परीक्षा तिथे आहे, कारण शेजारच्या गावात कोणी सांडपाणी चोरून सोडत असेल, तर नियम पाळणाऱ्याचंच कापड महाग पडतं. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीतल्या प्रोसेसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि सगळं नीट चाललं तरी तळाशी काही उरतंच: साधं मीठ, सल्फेट, रंगाचे अंश असं मिसळलेलं. ते डाईंगला चालत नाही, जमिनीवर टाकता येत नाही, पावसात भिजू द्यायचं नाही. ते पोत्यांत भरून छपराखाली ठेवतात, आणि पोती वाढत जातात.