कावळा, फांदी आणि फुटबॉलचा प्रशिक्षक

४ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री बोरुसिया डॉर्टमुंड आपल्याच मैदानावर आउग्सबुर्गकडून ०-१ असा हरला. जर्मनीच्या बुंडेसलिगा या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये १८ संघ असतात. १९ सामने संपले तेव्हा डॉर्टमुंड १६ गुणांसह अठरावा होता. हा तोच संघ, ज्याने २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली होती आणि २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी गाठली होती. प्रशिक्षकही तेच, युर्गेन क्लोप. सामना संपल्यावर संघातली जुनीजाणती मंडळी कुंपणापाशी जाऊन संतापलेल्या प्रेक्षकांची समजूत काढत होती.

क्लबने क्लोपना काढलं नाही. पुढचे चारही लीग सामने संघाने जिंकले. उरलेल्या १५ सामन्यांत ३० गुण मिळवून डॉर्टमुंड सातव्या स्थानी पोचला.

आता घटकाभर असं समजा, की ५ फेब्रुवारीच्या सकाळी क्लोपना नारळ दिला गेला आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं. खेळाडू तेच, सामने तेच, ते चार विजयही तसेच. वर्तमानपत्रांनी काय लिहिलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको. नव्या प्रशिक्षकाने सरावाची वेळ बदलली, शिस्त आणली, मरगळ झटकली, वगैरे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की आपण कावळ्याचं वजन करायला बसतो.

फुटबॉलमध्ये अशी गाठ फार सहज पडते, कारण गोल फार कमी होतात. सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी तीनच्या आसपासच होतात. खांबाला लागून परतलेला एक चेंडू अख्खा निकाल फिरवतो. नशिबाला इतका वाव असलेल्या खेळात वाईट मालिका कशी दिसते, हे घरबसल्या तपासता येतं. एक नाणं घ्या आणि ते ३८ वेळा उडवा; इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघ तितकेच सामने खेळतो. छापा म्हणजे विजय, काटा म्हणजे बरोबरी किंवा हार. निम्मे सामने जिंकणारा, म्हणजे चांगलाच म्हणावा असा हा संघ. गणित सांगतं, की अशा १०० मोसमांपैकी सुमारे ७३ मोसमांत सलग चार काटे कुठेतरी येतातच. सलग पाच काटे जवळपास ४५ मोसमांत येतात. पाच सामने विजयाविना गेले, की संचालकांची तातडीची बैठक ठरलेली. इथे तर नाण्याला प्रशिक्षकच नाही!

आणि अशा मालिकेनंतर पुढे काय होतं? बहुतेक वेळा सुधारणा. १८८६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी दाखवलं होतं, की खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाहीत. टोकाच्या निकालामागे थोडा योगायोग असतो आणि योगायोग दर वेळी त्याच बाजूने उभा राहत नाही. हे सरासरीकडे परतणं वरूनही होतं. प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांच्या लेस्टर क्लबने २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकून जगाला चकित केलं. पुढच्या फेब्रुवारीत संघ घसरगुंडीवर असताना त्यांना काढलं, आणि त्यांच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपियर यांनी लीगचे पहिले पाच सामने ओळीने जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेक्सपियरही गेले.

क्लब प्रशिक्षकाला काढतात ते मालिकेच्या अगदी तळाशी. म्हणून हकालपट्टीनंतर आलेख वर गेला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तुलना हवी ती तितक्याच गाळात रुतलेल्या, पण प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी. डच अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी नेमकी हीच तुलना केली, नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या निकालांवर. प्रशिक्षक बदललेले संघ सावरले होते; न बदललेलेही जवळपास तितकेच सावरले होते.

मग कुणालाच काढू नये का? तसं नाही. फक्त गुणतक्त्याऐवजी दुसरीकडे पाहायला हवं. हल्ली बहुतेक मोठे क्लब ‘अपेक्षित गोल’ मोजतात. प्रत्येक फटका कुठून, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने मारला, यावरून तसे फटके एरवी किती वेळा गोलात जातात ते पाहून त्याला शून्य ते एक यांमधली किंमत देतात. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोल. संघाने निर्माण केलेल्या आणि प्रतिस्पर्ध्याला दिलेल्या संधींची अशी बेरीज केली, की निकालामागचा खेळ दिसू लागतो.

क्लोप पुढे लिव्हरपूलला गेले, तेव्हा तिथले संशोधनप्रमुख इयान ग्रॅहॅम, मूळचे भौतिकशास्त्रज्ञ, त्यांच्यासमोर डॉर्टमुंडच्या त्या मोसमाचे कागद घेऊन बसले. माइन्त्सविरुद्धचा तो सामना तुम्ही ०-२ हरलात, पण खेळ पूर्ण तुमचा होता, असं ते म्हणाले. क्लोप खूश झाले, त्यांना वाटलं यांनी सामना पाहिलाय. ग्रॅहॅम यांनी तो पाहिलाच नव्हता, फक्त आकडे पाहिले होते.

आकड्यांतही खाचखळगे आहेत. पिछाडीवरचा संघ जीव तोडून हल्ले करतो, आघाडीवरचा मागे सरून बचाव करतो. त्यामुळे हरणाऱ्याच्या खात्यात संधी फुगतात. बरोबरी असतानाचा खेळ वेगळा काढून पाहिलेला बरा. पाच-सहा सामन्यांवरून तर अपेक्षित गोलही फारसं सांगत नाहीत. पण पंधरा-वीस सामने संधींचीच आवक आटली असेल, बचावात भगदाडं पडत असतील, आणि दुखापती किंवा तगडे प्रतिस्पर्धी हे कारणही नसेल, तर दोष खुशाल प्रशिक्षकाकडे न्यावा. अपेक्षाही पैशांच्या मापाने धरावी. इंग्लिश क्लबांचे ताळेबंद चाळणारे स्टीफन शिमान्स्की यांना दिसलं, की लांब पल्ल्यात तक्त्यातलं स्थान खेळाडूंच्या वेतनखर्चामागे चालतं. वेतनखर्चात बारावा असलेला क्लब अकरावा आला, तर मालकाने रागवायचं कशासाठी?

बैठकीत सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: याच्या जागी कोण? ‘हा वाईट आहे’ आणि ‘दुसरा, करारभंगाची भरपाई आणि जुन्याच्या पद्धतीसाठी घेतलेले खेळाडू हे सगळं धरूनही, याच्यापेक्षा बरा ठरेल’ ही दोन वेगळी विधानं आहेत. खेळाडूंचा प्रशिक्षकावरचा विश्वास उडाला असेल, तर तेही धरावं लागतं. ते कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

बदल कधी फळतो तेव्हाही हिशेब सोपा नसतो. मार्च २०१२ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबने प्रशिक्षक आंद्रे व्हिलास-बोआस यांना काढून रोबेर्तो दि मात्तेओ यांना हंगामी जबाबदारी दिली. लीगमध्ये संघ सहावाच आला, पण मे महिन्यात म्युनिकमध्ये तिथल्याच बायर्न क्लबला पेनल्टींवर हरवून चॅम्पियन्स लीगचा विजेता झाला. त्या सामन्यात बायर्नला २० कॉर्नर मिळाले होते, चेल्सीला एक. नोव्हेंबरमध्ये दि मात्तेओ यांनाही नारळ मिळाला.