सुकलेलं मीठ सुकलेलं नसतं

डिसेंबरात माझा आतेभाऊ फ्लोरिडाहून पुण्याला आला, तेव्हा त्याच्या सामानात मासे गरवायच्या रॉडचा मुठीकडचा तुकडा होता. रील, म्हणजे दोरी गुंडाळायचं चाक, त्याला चिकटलेलंच. ते घट्ट धरून ठेवणारी आट्यांची कडी फिरेना, आणि स्टीलच्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी जमलेली. “अ‍ॅल्युमिनियमला गंज चढतो का कधी? आणि मी तर दर वेळी फडक्यानं कोरडं पुसून ठेवतो,” तो म्हणाला. हे दोन्ही समज मी लहानपणापासून ऐकतो आहे, आणि दोन्ही चुकीचे आहेत.

आधी हा खेळ काय ते सांगतो. नेहमीच्या गळाला शिसं बांधतात, ते दोरी ओढत लांब जातं. फ्लाय फिशिंगमध्ये याच्या उलट असतं. पिसं आणि दोरे गुंडाळून केलेली ‘माशी’ जेमतेम एखाद्या ग्रॅमची. वजन असतं ते जाड दोरीला, आणि तीच माशीला घेऊन जाते. म्हणून रॉडवरचा आकडा रॉडच्या वजनाचा नसतो, त्याला साजेशा दोरीचा असतो. 8 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण 13.6 ग्रॅम भरतात, 12 नंबरच्या दोरीचे 24.6. फ्लोरिडा कीज या बेटांभोवतीच्या गुडघाभर पाण्यात बोनफिश या माशासाठी 8 नंबर चालतो, त्याहून कितीतरी मोठ्या टार्पनसाठी 11 किंवा 12 लागतो. बोनफिश एका दमात शंभर यार्ड पळतो. त्यामुळे दोरीच्या मागे रीलवर डेक्रॉनचा बारीक धागा, म्हणजे बॅकिंग, किमान दोनशे यार्ड हवा आणि पळत्या माशाची दोरी आवरणारा रीलचा ब्रेक न अडखळता सुटणारा हवा. रॉडचा कार्बन किती ‘हाय मोड्युलस’, म्हणजे किती ताठ, याच्या जाहिराती खूप असतात. नवशिक्यानं त्यात पैसे घालू नयेत. ते रीलमध्ये घालावेत: अखंड अ‍ॅल्युमिनियममधून कोरलेलं, अ‍ॅनोडाइज केलेलं, ब्रेक बंद डबीत असलेलं.

आता मिठाकडे येतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की खाण्याचं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. पण समुद्राच्या पाण्यात नुसतं खाण्याचं मीठ नसतं. शाळेच्या भूगोलातला तक्ता आठवा: सोडियम क्लोराइड सुमारे 78 टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे 11. हे दुसरं भलतंच तहानलेलं. त्याला 33 टक्के आर्द्रता पुरते. एवढी कोरडी हवा पुण्यात एप्रिलच्या दुपारी मिळेल, किनाऱ्यावर जवळजवळ कधीच नाही. म्हणजे फडक्यानं पुसलेल्या रीलच्या फटींत, हाताला कोरडा लागणारा, डोळ्यांना न दिसणारा, कडक खारा ओलावा महिनोन्‌महिने टिकून राहतो.

अ‍ॅल्युमिनियम तसा फार उतावळा धातू. हवा लागताच त्यावर ऑक्साइडची काही नॅनोमीटर जाड साय धरते आणि तीच त्याला वाचवते. अ‍ॅनोडाइज करणं म्हणजे ही साय विजेच्या मदतीनं हजारो पट जाड करणं. क्लोराइड तिच्यातली एखादी कच्ची जागा शोधतो, आणि तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो. खड्ड्यात सुटलेले अ‍ॅल्युमिनियमचे आयन पाण्यातला हायड्रॉक्साइड पकडतात, हायड्रोजन आयन मोकळे सोडतात, म्हणून आतलं पाणी आम्ल होतं. आम्लात साय पुन्हा धरत नाही. शिवाय खड्ड्यातल्या धन भाराची बरोबरी करायला बाहेरून आणखी क्लोराइड आत ओढला जातो. खड्डा असा स्वतःच स्वतःला पोसतो. शेजारी स्टेनलेस स्टीलचा स्क्रू असेल तर खारं पाणी दोघांना जोडून छोटी बॅटरीच तयार करतं. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, स्क्रू चकचकीतच राहतो. ती पांढरी भुकटी म्हणजे हाच गंज, फक्त लाल नाही.

फ्लोरिडात बोटीवर केळं नेणं अपशकुनी मानतात. मासा न लागल्याचा दोष केळ्यावर जातो आणि अडखळणारा ब्रेक तपासायचा राहून जातो. केळं खुशाल न्यावं. शक्ती वाढते.

धुताना नळीचा जोरदार फवारा मारू नये, त्यानं मीठ आणखी आत जातं. रील कोमट गोड्या पाण्यात बुडवून ठेवावं, पाणी बदलून पुन्हा बुडवावं, स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली आतली चकरी, वेगळं करून सावलीत वाळवावं, ब्रेक सैल सोडून ठेवावा. रॉड ओला असताना नळकांड्यात घालू नये, वार्निशला फोड येतात. दोरी ओवायच्या कड्यांच्या पायाशी बोट फिरवून पाहावं, मीठ तिथे दडतं.

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात सिल्व्हर नायट्रेटची बाटली असते. थेंब टाकल्यावर पाणी पांढरं गढुळलं की क्लोराइड आहे. नळाच्या पाण्यातही तो थोडा असतोच, म्हणून शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलं. आतेभावाच्या रीलचं वरवरचं धुणं दोन पाण्यांत नितळ आलं. मग त्यानं गच्चीवर बॅकिंगचा सगळा धागा उलगडला, परातीत भिजवला, आणि मी त्या पाण्यात एक थेंब टाकला. परात दुधासारखी झाली. ज्या धाग्याला त्यानं कधी फडकं लावलंच नव्हतं, तोच स्पूलच्या धातूला अष्टौप्रहर चिकटून होता. पाचव्या पाण्याला थेंब स्वच्छ पडला. कडी मात्र अजून फिरत नाही, कारण मीठ पाण्यात जातं, भुकटी जात नाही. उद्या मऊ ब्रशनं आटे घासून तेल सोडून पाहणार आहोत.