सायकलवरून कड्यांकडे: एका जुन्या रीतीची पार्श्वभूमी

१९३१ च्या उन्हाळ्यात म्युनिकमधील फ्रान्झ आणि टोनी श्मिड हे दोन भाऊ सायकलींवर सामान लादून घरून निघाले आणि डोंगर व देशाची सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधील त्सेरमाटला पोहोचले. ३१ जुलैला ते मॅटरहॉर्नच्या उत्तरकड्याला भिडले. ती रात्र त्यांनी भिंतीवरच बसून काढली आणि १ ऑगस्टला ते ४,४७८ मीटर उंचीच्या शिखरावर उभे राहिले. तोवर त्या कड्यावरून कोणीही माथा गाठलेला नव्हता. वादळामुळे उतरण लांबली. खाली आल्यावर त्यांनी पुन्हा सायकली काढल्या आणि ते म्युनिकच्या रस्त्याला लागले.

आज युरोप-अमेरिकेतील अनेक प्रस्तरारोहक दोर, हार्नेस (दोर बांधायचा कमरपट्टा) आणि बूट सायकलच्या पिशव्यांत भरून एका देशातील कड्यांवरून दुसऱ्या देशातील कड्यांकडे जातात. या प्रवासाकडे बहुधा पर्यावरणाच्या जाणिवेतून निघालेली नवी टूम म्हणून पाहिले जाते. वास्तविक ही रीत जुनी आहे. ती एकदा बहरली, मग तीन-चार दशके जवळजवळ दिसेनाशी झाली आणि पुन्हा उगवली तेव्हा तिच्यामागचे कारण पूर्ण बदललेले होते. तिचा इतिहास समजून घ्यायचा तर हे बदललेले कारण लक्षात ठेवावे लागते.

लांबच्या प्रवासाला योग्य अशी सायकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल आणली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेला टायर दिला. ब्रिटनमध्ये सायकलप्रवाशांचा क्लब त्याआधीच, १८७८ मध्ये, स्थापन झाला होता. सायकल आणि पर्वत या दोन्हींचा ध्यास घेतलेली या काळातील ठळक व्यक्ती म्हणजे अमेरिकेच्या फॅनी बुलक वर्कमन. पती विल्यम हंटर वर्कमन यांच्यासह त्यांनी अल्जीरिया आणि स्पेन सायकलने पालथे घातले, १८९७ पासून भारत आणि आसपासच्या देशांत हजारो मैलांची सायकलयात्रा केली आणि त्याच प्रवासात हिमालय पाहून त्या गिर्यारोहणाकडे वळल्या. १९०६ मध्ये हिमालयातील नुन-कुन पर्वतसमूहातील पिनॅकल पीक चढून त्यांनी स्त्रियांच्या गिर्यारोहणात उंचीचा विक्रम केला. शिखराची उंची ६,९३० मीटर आणि त्यांचे वय ४७ वर्षे होते. मात्र वर्कमन दांपत्य श्रीमंत होते आणि हिमालयातील त्यांच्या मोहिमा हमालांच्या तांड्यांवर चालत. त्यांच्या आयुष्यात सायकल हा एक अध्याय होता आणि चढाई हा त्यानंतरचा दुसरा. सायकलने कड्यापर्यंत जावे, कडा चढावा आणि सायकलनेच परतावे, असा सलग प्रवास त्यांच्याकडे दिसत नाही.

तो सलग प्रवास घडवला तो मुख्यतः गरजेने. पहिल्या महायुद्धानंतर सायकल कामगारांच्या आवाक्यात आली आणि जर्मनीत तर १९३२ च्या सुरुवातीला बेरोजगारांची संख्या साठ लाखांवर गेली. म्युनिक, इन्सब्रुक, व्हिएन्ना या शहरांत चढाईत निष्णात असलेले तरुण होते आणि हाती कामधंदा नसल्याने अनेकांकडे वेळही भरपूर होता. नव्हता तो रेल्वेच्या तिकिटाचा पैसा. आल्प्समधील मोठे उत्तरकडे तेव्हा अजिंक्य होते आणि ते स्वित्झर्लंड, फ्रान्स, इटली असे सीमांपलीकडे पसरले होते. मग सायकलच त्यांची आगगाडी झाली. रात्रीच्या मुक्कामाला शेतकऱ्याची गवताची कोठी किंवा युवक वसतिगृह मिळे. जर्मन शिक्षक रिखार्ड शिरमान यांनी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे युवक वसतिगृह सुरू केले होते आणि तिशीच्या दशकापर्यंत त्या कल्पनेचा प्रसार अनेक देशांत झाला होता.

श्मिड बंधूंच्या सायकली या पार्श्वभूमीवर पाहिल्या पाहिजेत. नंतरच्या लेखनात त्या सायकलींना शौर्यकथेतील अलंकारासारखे स्थान मिळाले, पण मला वाटते, त्या वेळी म्युनिकच्या तरुणाला आपण सायकलने आल्प्सला जातो यात विशेष काही सांगण्यासारखे वाटले नसेल. विशेष होता तो कडा. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये या चढाईला गिर्यारोहणाचे ऑलिम्पिक पारितोषिक देण्यात आले, परंतु टोनी ते पाहायला राहिला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रियातील वीसबाखहॉर्नवर पडून त्याचा मृत्यू झाला होता. तेव्हा तो जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता.

त्यांच्या सायकलींवरील ओझ्याची कल्पना आज करणे सोपे नाही. दोर हेम्प या वनस्पतीच्या धाग्याचे असत; ते भिजले की जड होत आणि गारठले की काठीसारखे ताठ होत. पिटॉन (खडकाच्या भेगांत ठोकायचे खिळे), कॅराबिनर (दोर अडकवायचे, उघडता-मिटता येणारे आकडे) आणि हातोडा हे सारे लोखंडाचे किंवा पोलादाचे. सायकलींना गिअर असलेच तर मोजके. साखळी एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारी डिरेलर यंत्रणा फ्रान्समधील हौशी सायकलप्रवासी वापरू लागले होते, पण टूर दी फ्रान्स शर्यतीतसुद्धा तिला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. त्यामुळे आल्प्समधील खिंडींचा चढ बराचसा सायकल ढकलत पार करावा लागत असणार, आणि असा प्रवास झाल्यावर खरी चढाई सुरू होत असे.

या परंपरेतील सर्वांत बोलका प्रसंग मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. स्वित्झर्लंड-इटली सीमेवरील पित्स बादिलेची ईशान्य भिंत रिकार्दो कासिन आणि त्यांच्या साथीदारांनी जुलै १९३७ मध्ये तीन दिवस झुंजून प्रथम चढली होती. वाटेत त्यांना येऊन मिळालेले मोल्तेनी आणि वाल्सेक्की हे दोन इटालियन तरुण उतरताना वादळात दमून मरण पावले. १९५२ मध्ये ऑस्ट्रियाचा हेर्मान बूल हाच मार्ग एकट्याने चढण्यासाठी तिरोलमधून सायकलने निघाला. इन नदीच्या खोऱ्यातून वर चढत त्याने स्वित्झर्लंडमधील एंगाडीन खोरे पार केले, ज्या मालोया खिंडीजवळ ती नदी उगम पावते ती खिंड ओलांडली आणि तो पलीकडच्या ब्रेगाल्या खोऱ्यात उतरला. भिंत त्याने सुमारे साडेचार तासांत संपवली. परतीच्या प्रवासात सायकल चालवतानाच त्याला झोप लागली आणि तो सायकलसकट इन नदीत पडला. पाण्याने जागा झाला आणि वाचला. पुढच्याच वर्षी, ३ जुलै १९५३ रोजी, ८,१२६ मीटर उंचीच्या नंगा पर्बतच्या माथ्यावर पहिले पाऊल त्याने ठेवले, तेही एकट्याने आणि प्राणवायूच्या नळकांड्यांविना. त्याचे चरित्र सांगताना बहुतेक लेखक नदीतील पडण्याला गमतीदार तपशील मानतात. मला तो तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण सायकल आणि चढाई एकाच शरीराकडून करवून घेण्याचा खरा धोका त्यातून कळतो. भिंतीवर लक्ष एकवटलेले असते. ते सैल पडते परतीच्या, ओळखीच्या आणि उताराच्या रस्त्यावर.

बूलनंतर मात्र ही रीत झपाट्याने मागे पडली. युद्धोत्तर भरभराटीत पश्चिम युरोपातील कामगाराच्या हाती आधी स्कूटर किंवा मोटारसायकल आली आणि मग छोटी मोटारगाडी. गिर्यारोहकही त्यांच्याबरोबर बदलले. पुढे अमेरिकेत आणि युरोपात व्हॅनमध्येच राहून कड्याकड्यांवर फिरणारी पिढी आली. सायकल उरली ती गावाजवळच्या कड्यापर्यंत जाण्यापुरती.

गंमत अशी की, सायकलने ‘कड्यांकडून कड्यांकडे’ जाण्यासाठी ज्या दोन गोष्टी आवश्यक होत्या, त्या याच मधल्या काळात तयार झाल्या. पहिली गोष्ट साधनांची. १९५३ मध्ये एडेलरिड या जर्मन कंपनीने गाभा आणि त्याभोवती विणलेले आवरण अशा रचनेचा कृत्रिम धाग्याचा दोर बनवला. आजचा सत्तर मीटरचा दोर साधारण चार-साडेचार किलोचा असतो आणि तो पडणाऱ्याचा झटका ताणून सोसतो. दुसरी गोष्ट चढाईच्या स्वरूपाची. कुर्ट आल्बर्ट याने १९७५ मध्ये जर्मनीतील फ्रँकेन्युरा भागात, दोरावर किंवा खिळ्यावर भार न देता चढता येणाऱ्या मार्गांच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकात फ्रान्समधील व्हेर्दों आणि ब्युक्स येथील चुनखडीच्या भिंतींवर कायमचे बोल्ट (खडकात पक्के बसवलेले, दोर अडकवायचे खिळे) असलेल्या मार्गांची शैली फोफावली. बोल्ट आधीच खडकात असल्याने चढणाऱ्याला दोर, हार्नेस, बूट आणि पंधरा-सोळा क्विकड्रॉ (दोर बोल्टला जोडायच्या, दोन्ही टोकांना कॅराबिनर असलेल्या पट्ट्या) पुरतात. म्हणजे दोघांच्या चढाईचे सगळे सामान आठ-दहा किलोंत बसते. श्मिड बंधूंच्या काळात प्रवासाला एकच शिखर आणि एकच भिंत हे लक्ष्य असे. बोल्ट असलेल्या कड्यांचे जाळे देशोदेशी पसरल्यावरच एका प्रवासात दहा ठिकाणे जोडण्याची कल्पना शक्य झाली.

परंतु त्या जाळ्याचा पहिला लाभ घेतला तो विमानाने. युरोपीय संघातील हवाई वाहतूक नव्वदच्या दशकात टप्प्याटप्प्याने, १९९७ पर्यंत, खुली झाली आणि स्वस्त विमाने धावू लागली. ग्रीसमधील कालिम्नोस बेटावरील कड्यांची शक्यता आंद्रेआ दि बारी या इटालियन आरोहकाला १९९६ च्या सुमारास दिसली, आणि काही वर्षांतच ते बेट जगभरच्या आरोहकांचे तीर्थ झाले. आठवडाभराच्या सुटीत उडत जायचे, चढायचे आणि उडत परतायचे, हा शिरस्ता पडला.

नेमक्या याच वर्षांत सायकल परत आली, तीही थेट एव्हरेस्टच्या वाटेवर. तिच्यामागचा विचार जुना होता. १८८० मध्ये अल्बर्ट ममरी हा इंग्रज गिर्यारोहक आल्प्समधील दाँ द्यु जेआँ या सुळक्यावरून माघारी फिरला, तेव्हा हा सुळका न्याय्य साधनांनी चढणे अशक्य आहे अशा अर्थाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली. ‘न्याय्य साधने’ हा शब्द तेव्हापासून गिर्यारोहणात रुळला. राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी १९७८ मध्ये प्राणवायूविना एव्हरेस्ट चढून त्याला नवी धार दिली. स्वीडनच्या गोरान क्रोप्पने हा विचार घराच्या उंबरठ्यापर्यंत मागे नेला. ऑक्टोबर १९९५ मध्ये तो स्टॉकहोममधून शंभर किलोंहून अधिक सामान घेऊन सायकलने निघाला आणि काही महिन्यांनी नेपाळमध्ये पोहोचला. मे १९९६ च्या सुरुवातीला शिखर शंभरेक मीटर उरले असताना तो मागे फिरला. पुढच्याच आठवड्यात त्या पर्वतावर वादळात आठ जण मरण पावले. २३ मे रोजी प्राणवायू आणि शेर्पांची मदत न घेता तो माथ्यावर पोहोचला आणि परतीचा बराचसा प्रवासही त्याने सायकलने केला. २००२ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील एका लहानशा कड्यावर चढताना पडून त्याचा अंत झाला.

क्रोप्पचे महत्त्व त्याच्या अंतरात नाही असे माझे मत आहे. बूलकडे सायकलला पर्यायच बेताचे होते. क्रोप्पकडे विमान होते आणि त्याने ते नाकारले. येथून पुढे चढाई कोठे सुरू होते, या प्रश्नाचे उत्तर आरोहक स्वतः ठरवू लागला. अॅलेक्स हॉनोल्ड आणि सिडर राइट या अमेरिकन आरोहकांनी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील १४,००० फुटांवरील सगळी शिखरे सायकलने जोडली आणि २०१४ मध्ये नैर्ऋत्य अमेरिकेच्या वाळवंटातील ४५ सुळके त्याच रीतीने चढले. बेल्जियमचे निको फावरेस आणि सेबास्तियाँ बेर्त यांनी २०२० च्या उन्हाळ्यात आल्प्समधील कठीण भिंतींदरम्यानचा प्रवास सायकलने केला. बेर्त पुढे अमेरिकेतील योसेमिटीच्या कड्यांकडे जाण्यासाठी अटलांटिक महासागर शिडाच्या बोटीने ओलांडून गेला, तेव्हा विमान टाळण्याचे कारण त्याने उघडपणे पर्यावरणाचे सांगितले. २०२३ मध्ये हॉनोल्ड आणि टॉमी कॉल्डवेल यांनी कोलोरॅडोहून कॅनडामार्गे सायकल आणि बोटीने अलास्कातील डेव्हिल्स थम हे शिखर गाठले. अशा नामवंतांमागे अप्रसिद्ध आरोहकांची मोठी संख्या आहे आणि रीत टिकवली आहे ती खरे तर त्यांनी.

त्यांच्या अडचणी बूलच्या अडचणींहून फारशा वेगळ्या नाहीत. जलरोधक पिशव्या, हलके तंबू आणि खालचे गिअर यांनी ओझे सुसह्य केले, पण मोठ्या शिळांवर दोराविना चढणाऱ्यांना लागणारी जाड गादी सायकलवर मावत नाही. तिला ट्रेलर लागतो. खिंड चढून आलेल्या दिवशी अवघड मार्गाला हात घालणे बहुतेकांना जमत नाही, म्हणून एक दिवस विश्रांतीचा धरावा लागतो. बोटांची ताकद टिकवायला आठवड्यातून दोन-तीन वेळा चढावे लागते, त्यामुळे दोन कड्यांमधले अंतर तीन-चार दिवसांपेक्षा जास्त असू नये, या हिशेबाने मार्ग आखला जातो. जिथे ते अंतर फार मोठे आहे तिथे रेल्वेचा आधार घ्यावा लागतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये संमत केलेल्या नियमानुसार नव्या आणि मोठी दुरुस्ती झालेल्या गाड्यांत, काही अपवाद वगळता, किमान चार सायकलींसाठी जागा ठेवणे बंधनकारक झाले आहे. दोघे जण प्रवासाला निघतात तेव्हा सामान्यतः एकाच्या सायकलवर दोर असतो आणि दुसऱ्याच्या सायकलवर क्विकड्रॉ व इतर धातूचे सामान. त्यामुळे वाटेत एकाची सायकल मोडली तर दुसऱ्यालाही थांबावे लागते.