बाईंच्या निरोपाला अख्खा गाव का लोटतो : गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेची पार्श्वभूमी

सरकारी दप्तरात प्राथमिक शिक्षिकेची निवृत्ती दोन ओळींत आटोपते. ज्या महिन्यात वयाची साठ वर्षे पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी हजेरीपटावर सही करायची आणि कार्यभार दुसऱ्याच्या हाती द्यायचा. तो महिना ऑगस्ट असो वा जानेवारी, वर्ग अर्ध्या वर्षावर असो वा परीक्षेच्या तोंडावर, नियम तोच. गावाला ही तारीख पुरत नाही. गाव आपला सोहळा पुढच्या एखाद्या रविवारी, देवळाच्या मंडपात नाहीतर शाळेच्या अंगणात मांडतो. पालक-शिक्षक संघ पत्रिका छापतो, पंच मंडळी खुर्च्या आणि मंडप बघतात, बायका आबोलीच्या फाती गुंफतात, मोठ्या टोपात खतखते आणि मणगणे शिजते. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या अशाच एका बाईंच्या सत्काराची तयारी चालली आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त होणारे लोक गावात इतरही असतात, त्यांना कोणी असा निरोप देत नाही. बाईंनाच का देतात, याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते.

सरकारी शाळा येण्याआधी गावात शेणैमाम, म्हणजे गावठी शाळेचे मास्तर, होते. नव्या काबिजादी, म्हणजे पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख, पोर्तुगिजांच्या हाती आला तो अठराव्या शतकात. पोर्तुगिजांनी आधी घेतलेल्या जुन्या काबिजादींत त्याआधीच देवळे पाडून झाली होती. १६८४ मध्ये तर कोंद द आल्व्होर या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोला, असा हुकूम काढला होता. नव्या मुलखात मात्र देवळे टिकली आणि देवळांच्या सावलीत मराठी टिकली. शेणैमाम देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, किंवा एखाद्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) लांबरुंद ओसरीवर मुले बसवत. धुळाक्षरे, पाढे, हिशेब, मोडी, जमले तर रामविजय-हरिविजयाच्या ओव्या, एवढा त्यांचा अभ्यासक्रम. मोबदला म्हणून तांदूळ, नारळ, सणाला धोतर आणि कोणाच्या तरी घरी दोन वेळचे जेवण. पगार देणारे सरकार नव्हते. मास्तर जगायचा तो गावाच्या ताटावर. गावाने मास्तराला आपला मानायची सवय तिथून सुरू झाली, असे मला ठामपणे वाटते.

पोर्तुगीज सरकारच्याही शाळा होत्या. तिथे ‘प्रिमेर ग्राव’ आणि ‘सेगुंद ग्राव’, म्हणजे प्राथमिकच्या पहिल्या-दुसऱ्या पायऱ्या, पास व्हायचे आणि ऐपत असेल तर पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे सरकारी माध्यमिक शाळेत, जायचे. सरकारी नोकरीची वाट तिथून जात असे. पण रानातल्या वाड्यावरच्या मुलाला ती वाट दिसतच नव्हती.

मोठा पालट झाला तो १९१० च्या ऑक्टोबरात पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले तेव्हा. हिंदूंना कायद्याने बरोबरीचे हक्क मिळाले आणि गोव्यात शाळा, वाचनालये, समाजसंस्था काढण्याची लाट आली. तिची चाहूल थोडी आधीच लागली होती. पणजीत १९०८ साली मुष्टिफंड संस्था उभी राहिली ती घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून. फोंड्यात १९११ साली गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले आणि आल्मैदा शाळा सुरू झाली. मडगाव, म्हापशातही अशीच धडपड चालू होती. या शाळांना राजाश्रय नव्हता. मॅट्रिकची परीक्षा द्यायला मुलांना सरहद्द ओलांडून ब्रिटिश मुलखात जावे लागे. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत तर मराठी शाळेकडे सरकार संशयानेच बघे. तिथे शिकणारा मुलगा उद्या वर्तमानपत्र वाचेल आणि परवा सत्याग्रहाला बसेल, ही भीती होती आणि ती अगदीच निराधार नव्हती.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा साक्षरता तीस टक्क्यांच्या आसपास होती. दोन वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. भाऊसाहेबांच्या कारभाराबद्दल मतभेद आहेत आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही, हा वाद तर १९६७ च्या जनमत कौलानंतरही घराघरात धुमसत राहिला. पण त्यांनी गावोगाव आणि वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा काढल्या, याबद्दल विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही. त्या जवळजवळ सगळ्या मराठी माध्यमाच्या होत्या. इमारती नव्हत्या, म्हणून शाळा देवळाच्या मंडपात भरल्या, कोणाच्या पडवीत भरल्या, पावसात गळणाऱ्या माटवाखाली भरल्या. जागा दिली ती गावकऱ्यांनी, बाके केली ती गावच्या मेस्ताने. पुढे सरकारने दगडी भिंतींच्या, मंगलोरी कौलांच्या इमारती बांधल्या. पण पहिली शाळा आपल्या ओसरीवर भरली होती, ही गोष्ट त्या त्या घरात आजही अभिमानाने सांगतात.

एवढ्या शाळांना शिक्षक कुठून आणायचे? गोव्यातले मराठी शिकलेले तरुण-तरुणी तर घेतलेच, शिवाय सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवणपासून कोल्हापूर-बेळगावपर्यंतची मंडळी आली. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला अजून अवकाश होता, तो सगळा भाग रत्नागिरीत मोडे. हे शिक्षक कोणाच्या तरी घरी भाड्याने, बहुतेक वेळा बिनभाड्याने राहत. सत्तरी-सांग्यात पूल थोडे. पावसाळ्यात व्हाळ भरला की शाळेपर्यंत पोचायचे कसे, हा मास्तरांपुढचा रोजचा प्रश्न. वर्ग चार आणि शिक्षक एक. पहिलीला पाटीवर ‘ग’ गिरवायला द्यायचा, चौथीला गुणाकार घालायचा, दुसरीला कविता पाठ करायला लावायची आणि तिसरीतल्या एकाला पहिलीकडे लक्ष द्यायला बसवायचे. जोडवर्ग सांभाळायची ही कसरत ज्यांनी बघितली आहे, त्यांना प्राथमिक शिक्षकाला वेगळे काय येते ते सांगावे लागत नाही.

त्यात भाषेची गोष्ट. मूल घरून कोंकणी घेऊन येते, शाळेत पुस्तक मराठीचे. चांगल्या बाई पहिले दोन-तीन महिने मुलाशी कोंकणीतच बोलतात. ‘हांगा बस रे’, ‘तुजी पाटी खंय?’ असे करत करत, मुलाच्या लक्षातही येऊ न देता त्याला मराठी वाक्यावर आणून सोडतात. हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले जात असेल असे मला वाटत नाही, पर्वरीच्या डाएटमध्ये, म्हणजे सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतही नाही. गोव्यातल्या तीन पिढ्या अशा वाचायला शिकल्या. १९६२ साली सुरू झालेला दैनिक ‘गोमन्तक’ खेड्यापाड्यात पोचला आणि तिथे त्याला वाचक मिळत गेले, ते या वर्गांतूनही. जत्रेतल्या नाटकाची संहिता वाचणारे, घुमटावर आरती म्हणणारे, पंचायतीच्या सभेचे इतिवृत्त लिहिणारेही इथूनच आले.

सत्काराच्या तयारीत शाळेचे जनरल रजिस्टर बघायला मिळाले. जाड पुठ्ठ्याचे, कडा वाळवीने कुरतडलेल्या. पहिल्या पानांवरची अक्षरे टाकाची, निळी शाई तपकिरी पडलेली. नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण. मुलग्यांपुढे बहुतेक ‘चौथी उत्तीर्ण’. मुलींपुढे सुरुवातीच्या पानांवर पुन्हा पुन्हा ‘घरकामासाठी’. पुढे पाने उलटत गेलो तसे हे कारण कमी होत जाते आणि एका पानानंतर ते नाहीसेच होते. त्या पानाच्या आसपास बाईंचे हस्ताक्षर सुरू होते. हा योगायोग नाही. शाळेत न आलेल्या मुलीच्या घरी संध्याकाळी जाऊन, तिच्या आईबरोबर चुलीजवळ बसून, ‘उद्या धाडा हां तिला’ एवढेच सांगून परतणाऱ्या बाई गावाने बघितल्या आहेत. १९७३ मध्ये भाऊसाहेब गेल्यावर त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, तेव्हा आपल्या मुलीला शिकवावे असे अनेक आयांना वाटले असेल. पण त्या वाटण्याला हजेरीपटावर आणले ते अशा शिक्षिकांनी.

शिवाय शिक्षकाच्या गळ्यात सरकारने आणखी पुष्कळ कामे बांधली. जनगणनेला घरोघर जाणारा तोच, मतदार यादी तपासणारा तोच, पोलिओच्या रविवारी बूथवर तोच, निवडणुकीत शाळेचे मतदान केंद्र झाले की तिथेही तोच. या कामांनी शिकवण्याचा वेळ खाल्ला, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. पण त्यामुळे गावातले एकही घर बाईंना अनोळखी उरले नाही, हेही खरे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के भरली. तो आकडा ज्यांनी दारोदार फिरून मोजला, त्यांनीच तो वर्षानुवर्षे वर्गात बसून घडवला होता.

नंतरचे पर्व वादाचे. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा आला. कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी व्यवहारात वापराची मुभा राहिली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. १९९० मध्ये, शिक्षणमंत्री असताना शशिकलाताईंनी प्राथमिक शाळांचे अनुदान कोंकणी-मराठी माध्यमालाच ठेवले. २०११ साली सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, त्यात शशिकलाताई पुन्हा आघाडीवर होत्या. सभा झाल्या, मोर्चे निघाले, सरकारे बदलली, इंग्रजीचे अनुदान राहिले. या सगळ्या धामधुमीत खेड्यातल्या प्राथमिक शिक्षकाला कोणी काही विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. गावातून मिनीबस शहराकडच्या शाळेत मुले घेऊन जाऊ लागली आणि बाई जूनच्या आधी दारोदार फिरून पहिलीसाठी मुले गोळा करू लागल्या. पट कमी झाला की शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते. अनेक वाड्यांवरच्या कौलारू इमारतींना आज कुलूप आहे.

म्हणूनच आजचे निरोप पूर्वीपेक्षा मोठे होत आहेत. आधीच्या मास्तरांना निरोप देताना त्यांच्या जागी दुसरे कोणी येणार, हे गृहीत होते. आता ते गृहीत नाही. व्यासपीठावर समई पेटते, बाईंची ओटी भरली जाते, शाल-श्रीफळ होते आणि मग मानपत्र वाचले जाते. मानपत्र मराठीतच असते, भरजरी, ‘आपण लावलेल्या ज्ञानवृक्षाच्या छायेत’ अशा वळणाचे, आणि लिहिणारा बहुधा बाईंनीच मुळाक्षरे शिकवलेला कोणीतरी असतो. पुढे माजी विद्यार्थी माईक हातात घेतात आणि बोलतात ते कोंकणीत. ‘बाई, तुमी आमकां वाचूंक शिकयलें’ एवढे म्हणून कितीतरी जण गप्प होतात. कोणी मास्टर शेफ झालेला असतो, कोणी फेरीबोटीवर खलाशी, कोणी दुसऱ्या शाळेत शिक्षिका. मानपत्राचे मराठी आणि मनातली कोंकणी एकाच मंचावर, कोणालाही न खुपता नांदतात. राजभाषेच्या वादात जे पन्नास वर्षे जमले नाही, ते प्राथमिक शाळेच्या अंगणात नेहमीच चालत आले आहे.

आमच्या गावच्या सत्कार समितीने यंदा एक गोष्ट अधिक केली आहे. कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शनाच्या आधी एक ठराव ठेवला आहे, बाईंची रिकामी जागा लगेच भरावी आणि शाळा विलीन करू नये असा. त्याखाली पालकांच्या सह्या घ्यायचे काम चालू आहे. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी समितीचे लोक ते निवेदन घेऊन भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार आहेत आणि बाईंनी, निवृत्त झाल्या तरी, बरोबर यायचे कबूल केले आहे.